आईची डबी आणि सत्तरपैकी मार्क

मागच्या आठवड्यात दादांनी जुन्या भांड्यांवर लिहिलं, ते वाचून आमच्या डबीची गोष्ट आठवली. थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर सौसर, सासर पांढुर्णा. आई गेली तेव्हा तिच्या पेटीत पितळेची एक डबी निघाली. आत चांदीचे नऊ रुपये. पाच राणीछाप, दोन एडवर्डचे, एक पंचम जॉर्जचा आणि एक 1939 चा. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला हे रुपये ताटात असायचे. आदल्या दिवशी आई मला बसवायची, "चिचेनं घासजो, वरून राखुंडी लाव. लक्ष्मी कशी चमकली पायजे!"

पोळ्याला भाऊ पांढुर्ण्याला आला. दुसऱ्या दिवशी गोटमार, जाम नदीकडचे रस्ते बंद, म्हणून घरातच बसलो होतो. त्या वर्षी त्याच्या संत्र्याचा बहार गळाला होता आणि पोरीची फी भरायची होती. तो म्हणाला, "ताई, 1939 चा रुपया लय महाग जाते म्हणतात. ग्रेडिंग करून घेऊ." नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की नऊही नाणी द्या, मी सर्टिफिकेट करून देतो, मीच विकत घेतो.

मला ते खटकलं. जो मार्क देणार, तोच भाव ठरवणार आणि तोच घेणार? मग महिनाभर मी हाच अभ्यास केला.

नाण्याला 1 ते 70 पैकी मार्क देतात. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्या 1980 च्या दशकापासून हेच करतात. नाणं खरं की खोटं ते तपासतात, प्लास्टिकच्या डबीत सील करतात, वर नंबर असतो. तो नंबर त्यांच्या नोंदीत कोणालाही पडताळता येतो. व्यापाऱ्यानं स्वतः छापलेल्या कागदाला तसा आधार नसतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपुढचं नाणं आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणीछाप, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज बाद. तसेही राणीछाप रुपये घरोघरी निघतात. तपासणीची फी, टपाल, विमा धरला तर हातात काय उरणार? त्यातल्या चारांना तर आजीच्या हाराच्या कड्यांचे डाग होते.

राहिला 1939 चा. 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, त्याच्या आधीचा हा शेवटचा. दुर्मिळ, म्हणून नकलाही भरपूर. आधी सौसरच्या सोनाराकडे वजन केलं. 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा. भावाचा चेहरा खुलला. मग भारतातच नाणी स्वीकारणाऱ्या, पण स्वतः खरेदी-विक्री न करणाऱ्या एका सेवेकडे तो एकटाच पाठवला.

दोन महिन्यांनी आला. नाणं खरं. पण मार्क नाही! शेरा होता: 'घासून साफ केलेलं'. असं नाणं सत्तरच्या मोजपट्टीत बसतच नाही, आणि भाव पार उतरतो.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मायनं धू-धू धुतलं अन् पैसा गेला."

मला बोलणं झोंबलं, कारण घासणारा हात माझा होता. मी म्हटलं, "अरे, एका दुष्काळात तिनं पाटल्या मोडल्या, पण हे रुपये नाही मोडले. लक्ष्मी म्हणून ठेवले म्हणून तर उरले. नाहीतर कधीच वितळले असते."

तो काही बोलला नाही. फीचे पैसे शेवटी मी आणि त्यानं अर्धे अर्धे घातले. रुपया विकला नाही.

दिवाळीला नऊही रुपये ताटात मांडले. या वेळी चिंच नाही, राखुंडी नाही. नुसते कोरड्या मऊ कपड्यावर ठेवले, काळपट तसेच. भाऊ म्हणाला, "माय असती तर रागावली असती."

मंडळी, तुमच्याकडे अशी डबी असेल तर आधी घासणं थांबवा. कडेनं धरा, वजन करून पाहा, आणि मार्क देणारा नि विकत घेणारा एकच माणूस असेल तर दोनदा विचार करा. तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाला कोणते रुपये मांडतात, तेही लिहा.