बॉयलरघरातली धूळ

ग्वाल्हेरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आमच्या लष्करात पाणी म्हणजे स्वर्णरेखा, आणि तिलाही आता लोक नालाच म्हणतात. तरी आमच्या माधवगंजातून माझे धाकटे काका नौदलात गेले. वाफेच्या जहाजावर स्टोकर म्हणून त्यांची ऐन उमेदीची वर्षे बॉयलरघरात गेली.

सुट्टीवर आले की ते विमानवाहू ‘विक्रांत’च्या गोष्टी सांगत. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. तशा स्थितीत वेग आवरून ती लढली आणि ४ डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगावावर हल्ले केले. “वरची विमाने सगळ्यांना दिसतात रे,” काका म्हणत, “खालची भट्टी कोणाला दिसते?”

त्या काळी जगभरच्या जहाजांत बॉयलरला आणि वाफेच्या नळांना अ‍ॅसबेस्टॉसचे वेष्टण असे. काका त्याला लॅगिंग म्हणत. भुकटी बादलीत कालवायची आणि नळावर थापायची. दुरुस्तीच्या वेळी वाळलेला थर फोडला की पांढरा धुरळा उडे आणि सारेजण गिरणीतून आल्यासारखे दिसत.

हे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. दुखणे वर येते ते वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, ज्याला मेसोथेलिओमा म्हणतात, तो इंग्लंड-अमेरिकेत जुन्या खलाशांत आणि गोदी कामगारांत आढळला तो असाच, माणूस घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी.

म्हातारपणी काकांना जिना चढवेना. डॉक्टरांनी विचारले, “बीड़ी पीते थे?” काकांनी कधी सुपारीही खाल्ली नव्हती. कागदावर दमा लिहिला गेला. त्यांच्या छातीत नेमके काय होते ते कोणी तपासले नाही, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण तीस वर्षांपूर्वी आपण काय काम करीत होता, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही, ही खंत मात्र आहे.

जहाजांची चौकशी होते. फ्रान्सची विमानवाहू ‘क्लेमांसो’ अलंगला मोडीत निघायची होती. तिच्यातल्या अ‍ॅसबेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की २००६ साली फ्रान्सने तिला माघारी बोलावले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅसबेस्टॉस कारखान्यांना बजावले, की कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान चाळीस वर्षे जपून ठेवा. मग घरी परतलेल्या खलाशाची नोंद कोणी ठेवायची?

ती आपणच ठेवावी. दिवाळीला सगळे जमतात, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : जहाज, गोदी, रेल्वेचे वर्कशॉप, कापडगिरणीचे बॉयलरघर, कुठे आणि किती वर्षे? उत्तर दवाखान्याच्या फाइलीत पहिल्या पानावर लिहा आणि डॉक्टरांना हिंदीत सांगा, मराठीत सांगा, पण सांगा. आणि आपण ज्याला पत्रा म्हणतो नि शेजारी ज्याला चादर म्हणतात, तो सिमेंटचा जुना पत्रा बदलायचा झाला, तर तो फोडू-कापू नका. आधी पाणी मारून भिजवा, अख्खाच उतरवा आणि मुलांना लांब ठेवा.