जांभळा की तपकिरी?

वाचकहो, आपल्या घरी वयस्कर माणूस असेल, किंवा आपणच त्या वयास पोहोचला असाल, तर एक प्रश्न विचारते. गडद निळे आणि काळे कापड शेजारी ठेवले तर दिव्याच्या उजेडात आपणांस ते वेगवेगळे ओळखता येते का? मला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही. तो एका निवडुंगाने विचारला, म्हणून ही हकिकत सांगते.

पक्षाघाताने यजमान अंथरुणास खिळले, त्यास चार वर्षे झाली. त्यांचे स्नान, जेवण, औषधे यांतच माझा दिवस सरतो. सकाळचा चहा त्यांना पाजून झाला की अर्धा तास तेवढा माझा. तो मी गच्चीवर घालवते. आमच्या वाशिमच्या उन्हात नाजूक झाडे टिकत नाहीत आणि रोज पाणी घालण्यास सवडही नसते. म्हणून मी निवडुंग आणि मांसल पानांची झाडे लावली. यांतील बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे त्यांच्यातील पाणी फारसे उडून जात नाही. रुग्ण असलेल्या घरास अशीच झाडे सोयीची. आठवडाभर विसर पडला तरी ती रुसत नाहीत.

गेल्या पौषात हौशी छायाचित्रकारांची एक स्पर्धा जाहीर झाली. विषय होता जांभळे निवडुंग आणि मांसल वनस्पती. नात म्हणाली, “आजी, तुझी गच्ची तर त्यांनीच भरली आहे. पाठव ना फोटो!” हंगामही अनुकूल होता. थंडी, भरपूर ऊन आणि थोडी पाण्याची ओढ असली की अशा अनेक जातींचा रंग गडद होतो. जांभळ्या फड्या निवडुंगाचे रंगद्रव्य बीटाच्या रंगद्रव्याच्या जातकुळीचे असते. गुलाबाच्या आकाराच्या एचेव्हेरियाचे मात्र जांभळाच्या सालीतल्यासारखे.

हात थरथरतो, म्हणून मी मोबाइल विटांना टेकवून ठेवी. कोवळे ऊन तिरपे पडत असताना, सावलीच्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरून छायाचित्रे घेई. सारे जमले होते. रंग मात्र मला मळकट तपकिरी वाटे. मग मी मोबाइलमध्येच जांभळेपणा वाढवीत गेले.

नातीने ते चित्र पाहिले मात्र, ती म्हणाली, “आजी, हा रंग खोटा आहे. झाड इतके जांभळे नाही.”

“झाड जांभळे आहेच कुठे? तपकिरी तर दिसते,” मी म्हणाले.

ती हसली, पण सूनबाई हसली नाही. आठ दिवसांपूर्वी रात्री मी यांना निळ्या पाकिटातील गोळीऐवजी राखाडी पाकिटातील, सकाळची गोळी देत होते. तिने हात धरला म्हणून अनर्थ टळला. थकव्याने झाले असेल, असे म्हणून आम्ही तो विषय तेथेच सोडला होता.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात अधिक. डॉक्टरांनी समजावले, की वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते. ते निळा-जांभळा प्रकाश अडवते, म्हणून हे रंग प्रथम मावळतात. बदल इतका सावकाश होतो, की माणसास तो कळतच नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले होते. त्यांची शस्त्रक्रिया झाली १९२३ साली. रंग हेच ज्यांचे जीवन, त्यांनीही इतकी वर्षे काढली. मी तर दोन वर्षे तपासणीच पुढे ढकलली होती. “यांना सोडून कशी जाऊ?” हे माझे ठरलेले उत्तर असे.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे माती आणि धूळ यांपासून दूर राहावे लागले. तेवढ्यात स्पर्धेची मुदत टळली. परवानगी मिळाल्यावर गच्चीवर गेले. उजवा डोळा हाताने झाकला, तर निवडुंग तपकिरी. डावा झाकला, तर तोच निवडुंग जांभळा. कितीतरी वेळ मी एकेक डोळा झाकून पाहत राहिले. नातीचे म्हणणे खरे होते. आणि त्या रात्रीची चूक थकव्याची नव्हती, हेही खरे होते.

वाचकहो, रुग्णाची काळजी घेणाऱ्याचे डोळे हे रुग्णाचेही डोळे असतात. स्वतःची तपासणी टाळणे हा त्याग नव्हे. त्याचा धोका अंथरुणावरच्या माणसास असतो. औषधांची ओळख केवळ रंगावर ठेवू नका. पाकिटावर ‘सकाळ’, ‘रात्र’ असे ठळक अक्षरांत लिहा. अधूनमधून एकेक डोळा झाकून रंग पडताळा. फरक वाटल्यास डोळे दाखवा. दृष्टी अचानक मंदावली किंवा डोळा दुखू लागला, तर एक दिवसही थांबू नका. आणि धुऱ्यावरचा त्रिधारी निवडुंग हाताळाल तर जपा. त्याचा चीक डोळ्यांस घातक असतो. तो डोळ्यात गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जा.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. त्या दिवशी यांच्याजवळ मुलगा थांबणार आहे; गोळ्यांच्या डब्यावर मी सारे लिहून ठेवले आहे. येत्या पौषात पुन्हा स्पर्धा झाली, तर छायाचित्र पाठवीन. या वेळी रंगास हात लावणार नाही.