नल्लकुंट्याच्या गच्चीवरील मांडव

तेलुगू भाषेत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. आमच्या वसईच्या बोलीत सांगावयाचे तर काळे बावखलच! त्यामुळे हैदराबादेस काचीगुडा स्टेशनावर उतरून रिक्षाने नल्लकुंट्यास निघालो, तेव्हा कोठे तरी पाणी आणि काठावर दोन माड दिसतील अशी आशा मनात होती. ती फोल ठरली. दृष्टीस पडली ती भाजीबाजारातील गर्दी, फीव्हर हॉस्पिटलची भिंत आणि एकमेकांस खेटून उभी असलेली तीन-चार मजली घरे.

अशाच एका घरात आमची मावसबहीण राहते. ती वाढली केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत. लग्नानंतर ती इकडे आली. पुढे माहेरची वाडी विकली गेली आणि आज तेथे इमारत उभी आहे. "दादा, माती गेली, पण गच्ची तर आपली आहे ना?" असे म्हणून तिने जिना दाखविला.

भावोजी निवृत्त झाले तेव्हा दोघांनी ठरविले की, गच्चीवर हरितगृह बांधावे आणि बाजारात सहसा न मिळणारी फळे लावावी. प्रश्न आला तो हरितगृह कोणते घ्यावे याचा. चित्रांत पाहिलेले काचेचे घर मनात भरले होते. काच महाग, म्हणून त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचे घेतले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोपे होरपळली. विलायतेत असे घर बांधतात ते थंडीपासून झाडे वाचविण्यासाठी. ऊन आत शिरते, तापलेली हवा बाहेर पडत नाही, आणि तेथे हवे असते ते नेमके हेच. हैदराबादेत मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तेथे ऊब काय करावयाची? येथे हवी सावली आणि खेळता वारा. मग प्लास्टिक काढून त्याच लोखंडी नळ्यांवर निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी ताणली. आम्हांस हसू आले. पानवेलीवर सावली धरावी लागते, हे आमच्या वाडवडिलांना कोणी शिकविले होते?

ओझ्याचा विचार मात्र त्यांनी आधीच केला होता. एक घनफूट ओली माती सहज 45 किलो भरते. म्हणून पिंपांत माती थोडी आणि नारळाची भुकटी व गांडूळखत अधिक. पिंपेही भिंतीलगत, तुळयांच्या वर. पिंपांखालील ताटल्यांत पाणी साचू न देण्याबद्दल भावोजी फार कडक आहेत. डासांच्या पोटात मलेरियाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सापडले ते याच भागात, सिकंदराबादेस. जवळच्या फीव्हर हॉस्पिटलला त्यांचेच नाव आहे. तेव्हा त्यांचा कडकपणा आम्हांस रास्तच वाटला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. बहिणीने पॅशन फ्रूटची पिवळ्या फळांची वेल लावली होती. वेल मांडवभर पसरली, फुलांनी लहडली, आणि दोन वर्षे एकही फळ धरले नाही. "पेन्शनचे पैसे गेले, आता हे भंगारात देऊ," असे भावोजी म्हणू लागले. बहीण जेवली नाही त्या दिवशी. माहेरची वाडी तिने दुसऱ्यांदा गमावली असती.

दोष वेलीचा नव्हता. खारी व कबुतरे येऊ नयेत म्हणून चारही बाजूंनी जाळी घट्ट बांधली होती. या फुलाचा पराग जड व चिकट. तो वाऱ्याने जात नाही, मोठे काळे भुंगे नेतात. त्यांनाच दार बंद! शिवाय या जातीच्या वेलीला स्वतःचा पराग चालत नाही. बियांपासून वाढविलेली दुसरी वेल जवळ असावी लागते. तिचीच फांदी तोडून लावली तर उपयोग शून्य. दुसरी वेल आली, दिवसा दोन बाजूंची जाळी गुंडाळून ठेवू लागले, आणि भुंगे येईपर्यंत बहिणीने चित्रकलेच्या कुंचल्याने पराग लावला. शेजारच्या ड्रॅगन फ्रूटच्या निवडुंगासाठी तर ती रात्री दिवा घेऊन वर येते, कारण ते फूल एकच रात्र उमलते.

आम्ही रविवारी गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये मिस्सा ऐकून परतलो तेव्हा बारा वाजत होते, आणि पॅशनचे फूल नुकतेच उमलत होते. या नावातील 'पॅशन' म्हणजे प्रभूचे दुःखसहन. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मिशनऱ्यांनी या फुलात तीन खिळे, पाच जखमा आणि तंतूंच्या वर्तुळात काट्यांचा मुकुट पाहिला. दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित. यहूदा आणि पेत्र वगळले. (पेत्राला वगळणे आम्हांस जरा जास्तच कठोर वाटते.) शेजारच्या मराठी काकू वर आल्या होत्या. त्या याच जातीच्या फुलाला कृष्णकमळ म्हणतात, आणि त्याच पाच केसरांत त्यांना पांडव दिसतात व तंतूंत शंभर कौरव. बहीण दोन्ही कथा ऐकत कुंचला फिरवीत होती.

फळ धरल्यापासून पिकावयास दोन-अडीच महिने लागतात. ते तोडावयाचे नसते. पिकले की आपोआप गळून पडते. म्हणून वेलीखाली तिने जुनी चादर बांधली आहे. निघण्याच्या सकाळी चादरीत तीन फळे होती. एक भावोजींनी कापले, त्यातील आंबटगोड गर आम्ही चमच्याने खाल्ला, उरलेली दोन तिने आमच्या पिशवीत घातली आणि बजावले, "दादा, बिया फेकू नका. दोन वेली लावा, एक नको."