पिसदुऱ्याच्या शिवारात

वरोऱ्याला पोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेतं लागतात. उन्हाळ्यात भेगाळणारी ही काळी जमीन ज्वालामुखीची देणगी आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनची भुई लांबच लांब चिरली आणि लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आजही तो जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. पूर्वेकडे येताना तो पातळ होत जातो आणि चंद्रपूर जिल्ह्यात त्याची कड संपते.

पिसदुरा हे त्या कडेवरचं गाव. इथले चिकणमातीचे थर लाव्ह्याखालचे, म्हणजे आगीआधीचे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकातच इथली हाडं सापडली होती. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीतल्या अजस्र शाकाहारी डायनासोरचं वर्णन 1997 साली प्रसिद्ध झालं. इसिसॉरस हे त्याचं आजचं नाव.

बांधालगत बोटभर लांबीचा, एका टोकाला निमुळता, करडा दगड पडला होता. "नांगरलं का असे निघतेतच जी," शेतमालक म्हणाले. ही दगड झालेली विष्ठा. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी अशाच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले आणि 2005 साली जगाला सांगितलं, की डायनासोरच्या काळातही गवत होतं. तोवर बहुतेक अभ्यासक ते नंतरचं मानत. पुढे 2011 मध्ये त्यांत भाताच्या कुळाचा माग लागला. मला हा शोध हाडांपेक्षा मोठा वाटतो.

कारण आग एकदाच आली नाही. दोन उद्रेकांच्या मधे हजारो वर्षांची उसंत मिळे, खोलगटात पाणी साचे, तळी होत, झाडं उगवत आणि पुन्हा लाव्हा येई. नागपूरच्या टाकळीजवळ हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना लाव्ह्याच्या थरांमधल्या अशाच गाळात शंख-शिंपले, फळं, बिया मिळाल्या. उद्रेक थांबले, खडक झिजला, त्याची काळी माती झाली. डायनासोर परतले नाहीत; गवत मात्र टिकलं.

मूल ओलांडून गडचिरोलीकडे निघालं, की कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. पिसदुऱ्यानंतर त्यांच्याकडे नुसतं पीक म्हणून पाहवत नाही.

पिसदुऱ्याचे हे थर उघड्या शेतांत आहेत आणि दरवर्षी नांगराखाली जातात. शासनाने शेतकऱ्यांना योग्य मोबदला देऊन त्यातला निदान एक तुकडा राखून ठेवावा. आणि तुम्ही तिथे गेलात, तर मालकाला विचारूनच शेतात शिरा आणि दगड जिथला तिथे राहू द्या.