श्वास व पाऊल

ज्या गोष्टी मनुष्यास विनामूल्य मिळतात त्यांची मोजदाद तो ठेवीत नाहीं. श्वास ही त्यांतील पहिली होय. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें १२ ते २० वेळां श्वास घेतो, आणि अहोरात्र चाललेल्या या व्यापाराची त्यास वार्ताही नसते. जुन्या करारांत श्वास, वारा व आत्मा या तिहींस एकच इब्री शब्द योजिला आहे. श्वास सुखानें चालतो तोंवर या शब्दाचें मर्म आपणांस कळत नाहीं. तो अडूं लागला म्हणजे मात्र तें कोणीं न शिकवितां कळतें.

आम्हांस तें क्षयरोगानें शिकविलें. औषधांचा क्रम पुरा झाला, थुंकींतील जंतु नाहींसे झाले, रोग बरा झाला. परंतु फुप्फुसावर वण राहिला आणि त्याच्या संगतीनें धाप व खोकलाही राहिला. क्षय बरा झाल्यावरही अनेकांचीं फुप्फुसें अशीं अधू राहतात. शिवाय आमच्या या भागांत धापेस इतर निमित्तांची वाण नाहीं. सातपुड्याच्या पाड्यांवरील लांकूडफांट्याची चूल, विडी, पाचट जाळल्याचा धूर आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरचा खकाणा, हीं सर्व आमच्या परिचयाचीं आहेत. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जो विकार डॉक्टर लोक सीओपीडी या नांवानें ओळखतात, त्याचे भारतांतील रोगी १९९० सालीं सुमारें २ कोटी ८१ लक्ष होते, ते २०१६ सालीं ५ कोटी ५३ लक्ष झाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. तेव्हां हा विषय आमच्या एकट्याचा नव्हे.

धाप लागलेल्या मनुष्यास सारें जग एकच उपदेश करितें, ‘बसा.’ घरच्या मंडळींनीं आमच्या हातची बादली काढून घेतली. विद्यार्थी वह्यांचे गठ्ठे आमच्या आधीं उचलूं लागले. वरच्या मजल्यावरील आमचा वर्ग खालीं आला. आणि शेवटीं, मास्तरांनीं आतां फळ्यापुढें उभें राहण्याचा त्रास न घेतां कचेरींतील काम पाहावें, अशी सूचनाही झाली. या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशीं प्रेमच होतें. परंतु ज्याचें अर्धें आयुष्य मुलांमध्यें गेलें, त्यास वर्गाबाहेरची खुर्ची कितीही मऊ असली तरी ती रुचावी कशी?

बरें, रुचली तरी ती हितकर नसते. पाय बसून राहिले म्हणजे त्यांचे स्नायु रोडावतात. असे दुर्बल स्नायु थोड्याशा श्रमानेंही आम्ल उत्पन्न करितात. त्यायोगें रक्तांत कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो बाहेर टाकण्यासाठीं आधींच थकलेल्या फुप्फुसांस अधिक राबावें लागतें. काल जितकें चालून धाप लागत नव्हती, तितकें चालून ती आज लागते. मग रोगी भितो, आणखी बसतो, आणखी दुर्बल होतो. या चक्रांतून सुटण्याची वाट पायांनींच काढावी लागते. आमच्या डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीवर पंपाच्या नांवाखालीं ‘रोज चालणें’ असें लिहून दिलें, तेव्हां हा उपचार आहे, निव्वळ उपदेश नव्हे, हें आमच्या ध्यानीं आलें.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं रोग्यास बिछान्यावर निजवून ठेवणें हाच राजमार्ग समजला जाई. परंतु इंग्लंडांत फ्रिमली येथील आरोग्यधामांत डॉ. मार्कस पॅटर्सन यांनीं १९०५ नंतरच्या वर्षांत रोग्यांस आधीं थोडें चालावयास, मग टोपल्या वाहावयास व पुढें फावडें चालवावयास लावून श्रम पायरीपायरीनें वाढविण्याची पद्धति घातली. आज क्षयावर औषध आहे व ती पद्धति त्या कामीं उरली नाहीं. पण मापानें श्रम वाढविण्याचें तत्त्व जुनाट धापेच्या रोग्यांस उपयोगीं पडलें आहे. २०१५ सालीं ६५ प्रयोगांचा, म्हणजे ३,८२२ सीओपीडी रोग्यांचा, एकत्र विचार झाला. त्यांत असें आढळलें कीं, व्यायाम शिकविलेले रोगी सहा मिनिटांत इतरांहून सरासरी ४४ मीटर अधिक चालूं लागले व त्यांची धाप कमी झाली.

आतां आम्ही काय शिकलों तें सांगतों. पहिला धडा श्वास सोडण्याचा. अरुंद नलिकांतून हवा आंत शिरते, पण बाहेर पडतांना नलिका मिटूं लागतात आणि जुनी हवा आंतच कोंडते. भरल्या घागरींत नवें पाणी कसें मावावें? म्हणून नाकानें दोन अंक मोजीपर्यंत श्वास घ्यावा, आणि शीळ घालतांना करतात तसे ओठ करून चार अंक मोजीपर्यंत तो हळूच सोडावा. मिटत्या ओठांमुळें आंत किंचित् दाब राहतो व नलिका उघड्या राहतात. श्वास कोंडून मात्र धरूं नये.

दुसरा धडा चालण्याचा. शाळेच्या ओसरींत ३० मीटर अंतर टेपानें मोजून आम्ही दोन खुणा केल्या. पहिल्या दिवशीं सहा मिनिटांत दोनदां थांबून २७० मीटर झाले. पुढें आठवड्यांतून पांच दिवस, दोन पावलांस श्वास घेणें व चार पावलांस सोडणें, या तालावर चालण्याचा क्रम ठेविला. तुटक तुटक वाक्य बोलतां येईल इतकी धाप चालावयाची. शब्दच फुटेनासा झाला कीं थांबावयाचें. याखेरीज खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें, आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणें. हें शेवटचें शिक्षकास विशेष उपयोगाचें. हात वर करून फळ्यावर लिहितांना खांद्याचे स्नायु त्या कामांत गुंततात, आणि धापेच्या रोग्यांत तेच स्नायु श्वासासही मदत करीत असतात. यास्तव श्वास सोडतांना लिहावें, घेतांना हात खालीं आणावा, आणि बोलणें लिहून झाल्यावर करावें, हा नियम आम्ही केला.

आठ आठवड्यांनीं ओसरींत न थांबतां ३२५ मीटर झाले. नळींत जोरानें फुंकण्याची परीक्षाही डॉक्टरांनीं पुन्हा घेतली. तिचा आंकडा मात्र पूर्वींचाच आला. वाचकांनीं हें नीट लक्षांत घ्यावें. वण गेला नव्हता, नलिका रुंद झाल्या नव्हत्या. आहे त्या श्वासांत अधिक काम करण्यास पाय शिकले होते, आणि धाप लागली तरी ती उतरते हें मन शिकलें होतें. मंदिरांत उपासना-संगीतांतील जी ओळ आम्ही मध्येंच तोडीत असूं, ती आतां बहुधा एका श्वासांत पुरी होते. तोरणमाळचा घाट पायीं चढण्याची उमेद आम्ही धरीत नाहीं. पण त्या रस्त्यावर सकाळीं गांवाबाहेर फर्लांगभर जाऊन येतों, आणि वर्ग आमच्याकडेच आहे.

कांहीं सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. ज्याचा क्षय अद्याप चालू असेल त्यानें आधीं औषधें घ्यावीं. पंप दिलेला असेल तर तो सोडूं नये. व्यायाम त्याच्या जागीं येत नाहीं. धुरांत, धुळींत वा कडक थंडींत चालूं नये. ताप, छातींत कळ, थुंकींत रक्त, किंवा बोटाच्या यंत्रावर प्राणवायूचा आंकडा डॉक्टरांनीं सांगितलेल्या मर्यादेखालीं गेला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस गांठावें. सुरुवातही त्यांस विचारूनच करावी.

गोपाळ गणेश आगरकर दम्यानें जर्जर असतांही ‘सुधारक’ पत्र चालवीत, आणि १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या काळीं पंप नव्हता कीं धापेसाठीं मापून दिलेला व्यायाम नव्हता. आपणांस हीं दोन्ही उपलब्ध आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणाचा सोबती दम्यामुळें मैदानाच्या कडेला बसून राहत असेल; कोणाची आजी चुलीचा धूर सोसून अंगणापर्यंत जातांना धापत असेल. त्यांस ‘बसा’ म्हणणें फार सोपें आहे. त्यांस आधीं डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांनीं परवानगी दिली म्हणजे रोज थोडा वेळ त्यांच्या संगतीनें चाला. मात्र पाऊल त्यांच्या श्वासाच्या मापानें टाका.