डुक्कर बांधावर थांबतं

भात चिकात आलंय. म्हणजे आमच्याकडं झोप उडायचे दिवस. दाणा नखानं दाबला की दूध निघतं, त्या दहा-पंधरा दिवसांत रानडुकराला आमचं खाचर म्हणजे लग्नाची पंगत. खातं कमी, लोळून-तुडवून नासाडी जास्त.

नवीन जोडले गेलेल्यांसाठी सांगतो. आमची जमीन तुंगारेश्वरच्या पायथ्याला, पारोळच्या अंगाला. वसई म्हटलं की लोकांना किल्ला, केळी, मोगरा आणि दाराला लटकलेली लोकल आठवते. पण महामार्ग ओलांडून पूर्वेला आलात तर अजून भात लावतात, आणि त्या भाताच्या उशाला २००३ साली जाहीर झालेलं साधारण ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. डुक्कर, माकड, भेकर, साळिंदर, मोर, बिबट्या, सगळे शेजारी.

सलग तीन वर्षं मी एकच गोष्ट बघतोय. डुक्कर सगळं शेत खात नाही. पूर्वेच्या बांधाला लागून चार-पाच पावलांचा पट्टा साफ करतं, त्याच्या आत तुरळक, आणि मधलं पीक जवळजवळ तसंच. बियाणं एकच, खत एकच, पाणीही एकच. आधी वाटलं पोट भरत असेल म्हणून थांबतं. पण पोट भरलेलं जनावर रोज त्याच रेषेवर कसं थांबेल?

त्या पूर्वेच्या बांधापलीकडं पूर्वी शेतच होतं. मालकानं विकलं, घेणाऱ्यानं प्लॉट पाडले, सिमेंटचे खांब रोवले आणि गेला. आज तिथं घाणेरी आणि रानमोडी डोक्याच्या वर गेलीय. दुपारी बारालासुद्धा आत काय आहे दिसत नाही. म्हणजे जंगल माझ्यापासून लांब आहे, पण दडायची जागा माझ्या बांधाला टेकलेली आहे.

गेल्या वर्षी नुकसान बघून आमच्यातल्या एकानं (नातं सांगत नाही) बांधावर करंटची तार टाकायची ठरवली. तार आणलीसुद्धा. मी आडवा आलो, चार दिवस बोलणं बंद होतं. पावसाळ्यात पाड्यावरची पोरं त्याच बांधानं बॅटऱ्या घेऊन खेकड्यांना जातात. अशा तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, आणि पुढं गुन्हा दाखल होतो तो शेतकऱ्यावरच. पण नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. ‘मग काय करू ते सांग,’ असं तो म्हणाला, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दिवाळीच्या आधी भाची आली होती, ती दापोलीला शेतकीला आहे. तिला तो खाल्लेला पट्टा दाखवला. ती म्हणाली, ‘मामा, डुक्कर काय खातं हे बघू नका, काय सोडून जातं ते बघा.’ मग तिनं जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. जनावराच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो. पुढच्या घासातून मिळणार किती, आणि तो घास घेताना आपणच कुणाचा घास होण्याची शक्यता किती. दुसरं जड झालं की जनावर उठतं, समोर अन्न असलं तरी. जोएल ब्राऊन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८८ साली हे मोजायची पद्धत मांडली. रेतीत दाणे मिसळून ठेवायचे आणि सकाळी किती उरले ते मोजायचे. सुरुवातीला दाणे पटापट सापडतात, मग एकेका दाण्याला जास्त उकरावं लागतं. जिथं भीती कमी तिथं जनावर शेवटपर्यंत उकरतं. जिथं भीती जास्त तिथं लवकर सोडून देतं. उरलेले दाणे म्हणजे त्या जागेच्या भीतीचं माप.

मला हे फार आवडलं, कारण याला पैसे लागत नाहीत. डुकरावर करणं अवघड, पण उंदरावर होतं. हळवं भात कापून झालं होतं. तीन जुन्या थाळ्या घेतल्या, प्रत्येकीत चाळलेली रेती आणि मोजून शंभर दाणे. एक घाणेरीच्या बुडाशी, एक मोकळ्या खळ्यावर, एक उडवीला चिकटून. पहिल्या दिवशी दिवस मावळायच्या आत ठेवल्या तर कोंबड्यांनीच प्रयोग उरकला. त्यानंतर अंधार पडल्यावर ठेवायला लागलो.

सकाळी रेती चाळून दाणे मोजताना बायको बघत होती. ‘भात विकायचं सोडून मोजताय काय,’ म्हणाली. पण निकाल बघून तीही थांबली. घाणेरीखालच्या आणि उडवीजवळच्या थाळीत मोजके दाणे उरायचे. खळ्यावरच्या थाळीत निम्म्याहून जास्त, आणि कोजागिरीला तर ती जवळजवळ भरलेलीच. आम्ही अंगणात दूध आटवत होतो आणि वीस पावलांवर उंदीर चांदण्यात यायला तयार नव्हता. वर आंब्यावर पिंगळ्याची जोडी असते, तिला चांदण्यात सगळं दिसतं हे उंदराला माहीत आहे.

साळिंदराचंही असंच. आपल्याकडं जे साळिंदर आहे त्याच जातीवर इस्राएलच्या नेगेव वाळवंटात अभ्यास झालाय, तेही उजेड्या रात्री बाहेर पडायचं टाळतं. आबा म्हणायचे, रताळ्याची राखण अवसेला कर, पुनवेला झोप. मला वाटायचं काहीतरी जुनं खूळ असेल.

आता बुजगावण्याकडं येतो. माझा जुना शर्ट घालून उभं केलेलं बुजगावणं होतं, त्याच्या पायाशीच डुकरानं उकरलं होतं. डुकराची नजर अधू, नाक तिखट. ज्याला वास नाही, हालचाल नाही, जे कधी मारत नाही, ते त्याच्या हिशेबात शून्य. न्हाव्याकडचे केस आणून टाकले, आठवडाभर फरक पडला, मग पाऊस आला. फटाके वाजवले, तिसऱ्या रात्रीपासून डुकरं शंभर पावलं मागं जाऊन थांबायची आणि परत यायची. आवाज कळतो त्यांना, पण त्या आवाजामागं कुणी नाही हेही कळतं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवरचा एक प्रयोग भाचीनं सांगितला. तिथं रॅकून नावाचं, डोळ्यांवर काळी पट्टी असलेलं जनावर किनाऱ्यावर खेकडे-मासे खातं. त्याला खाणारी मोठी जनावरं त्या बेटांवरून माणसानं कधीच संपवलेली, त्यामुळं ते दिवसाढवळ्या निवांत चरायचं. शास्त्रज्ञांनी महिनाभर स्पीकरवर कुत्र्यांचं भुंकणं लावलं. रॅकूनचं खाणं ६६ टक्क्यांनी घटलं आणि किनाऱ्यावर खेकडे-मासे वाढले. हे २०१६ साली छापून आलं. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. त्यांनी तुलनेसाठी सीलचे आवाजही लावून बघितले, त्याचा काही परिणाम नाही. म्हणजे आवाज मोठा असून उपयोग नाही, तो कुणाचा आहे याला किंमत. आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात २०२३ साली तर असं दिसलं, की पाणवठ्यावरची जनावरं सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसाच्या साध्या बोलण्याला जास्त घाबरून पळतात.

हे वाचल्यावर मी माळ्यावर रेडिओ लावला. पाच-सहा रात्री बरा गेला, मग सवय झाली. आबा माळ्यावर असायचे तेव्हा ते खोकायचे, विडी ओढायचे, मध्येच उतरून बांधावर फेरी मारायचे, कधी दहाला तर कधी तीनला. त्यांची वेळ डुकराला कधी कळली नाही. मी मात्र रोज दहाला रेडिओ लावून घरी येऊन झोपत होतो.

बिबट्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. दोन वर्षांपूर्वी ओहोळाच्या वाळूत ठसे दिसले आणि आमचा मोती गेला. चार वर्षांचा कुत्रा, साखळीसकट गेला. पोरं दोन दिवस जेवली नाहीत. त्या महिन्यात आम्ही कुणीच रात्री शेतात गेलो नाही, आणि तरी ओहोळाकडच्या बाजूला डुकराचं उकरणं जवळजवळ थांबलं होतं. एका महिन्यावरून मी काही सिद्ध करत नाही. मोठ्या सुळेवाल्या नराला बिबट्याही सहसा हात घालत नाही. पण पिल्लं घेऊन फिरणारी डुकरीण नक्कीच हिशेब करत असणार. उलट दिवसा मात्र माकडं घरामागच्या पपईपर्यंत आली, कारण मोती नव्हता. एक भीती आली, दुसरी गेली, दोन्हीचा परिणाम पिकावर दिसला.

आणि आपण तरी वेगळे कुठं? २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला होता, जवळपास पंचवीस दिवसांनी पिंजऱ्यात सापडला. तेवढे दिवस पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी वाट बदलली, वेळ बदलली, कित्येक घरीच बसले. बिबट्या दिसला किती जणांना? पण वागणं सगळ्यांचं बदललं.

तर यंदा काय केलं ते. प्लॉटच्या मालकाचा नंबर मिळवला, मुंबईला असतो. तीनदा फोन केल्यावर म्हणाला, कापायचं तर कापा, पण खर्च मी देणार नाही. जूनमध्येच बांधाला लागून दहा-बारा पावलं रुंद पट्टा मोकळा केला. घाणेरी नुसती कापून उपयोग नाही, फुटते, म्हणून बुडासकट उपटली. तीन माणसं, चार दिवस, स्वतःच्या खिशातून. गणपतीनंतर पुन्हा एकदा गवत मारलं. आबा दरवर्षी भाद्रपदात बांध तासून घ्यायचे, ते खेकड्यांच्या बिळांसाठी असं मी धरून चाललो होतो. विचारायला आता ते नाहीत.

परिणाम झाला. पट्ट्याच्या पलीकडच्या काठावर डुकरांचे खूर दिसतात, तिथं घोटाळून परत गेलेली. दोन रात्रीच आत आली. मी खूश होतो.

मग शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचं शेत माझ्या दक्षिणेला, घरात कर्ता पुरुष नाही, मुलगा विरारला कामाला. म्हणाल्या, ‘भावजी, तुमची डुकरं आता माझ्याकडं येतात.’ रागानं नाही म्हणाल्या, नुसतं सांगितलं. जाऊन बघितलं तर त्यांच्या बांधाला लागलेली झाडी तशीच, आणि चार-पाच पावलांचा पट्टा साफ. माझ्याकडं दिसायचा तसाच. मी डुकरं कमी केली नव्हती, भीती इकडून उचलून ठेवली होती, आणि भूक तिकडं गेली होती.

परवापासून आम्ही तिघं, मी, वहिनींचा मुलगा आणि तो तारवाला, रात्री पाळीपाळीनं फिरतोय. तार अजून त्याच्या पडवीत वेटोळं करून पडलीय. पाळीची वेळ ठरवलेली नाही, दुपारी चिठ्ठ्या काढतो. वहिनींच्या बाजूची घाणेरी अर्धी काढून झाली, उभ्या पिकात जास्त शिरता येत नाही, उरलेली कापणीनंतर. तोवर काही पट्टा जाणारच, तो तिघांनी वाटून घ्यायचं ठरलंय. त्यांचं गेलेलं भात माझ्या खळ्यावरून भरून देईन, असं मी आधीच सांगून ठेवलंय.

आजची चिठ्ठी माझी, रात्री दोनची. बॅटरी चार्जिंगला लावलीय.