वाटेवरच तर आहे!

सहलीचा बेत आखताना माझ्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, "अहो, ते तर वाटेवरच आहे!" या वाक्यापायी मी घरच्यांचे आणि पाहुण्यांचे पुष्कळ हाल केले आहेत. सकाळी निघायचं, रात्री घरी यायचं, मुक्कामाचा खर्च नाही, दुसऱ्या दिवशी कामावर हजर, अशा सहलींचा मला भारी सोस. महाराष्ट्रात त्याला तोटाही नाही. कुठल्याही जिल्ह्याच्या गावाहून दोन-तीन तास गाडी हाकली की लेणं, गढी, कुंड, धबधबा असं काहीतरी भेटतंच. पण मी फक्त किलोमीटर मोजायचो. ऊन, वार, पाऊसपाणी, बरोबरच्यांचे गुडघे यांचा हिशेब माझ्या बेतात नसायचा.

छत्रपती संभाजीनगरला नोकरीला होतो तेव्हाची लोणारची सहल घ्या. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याने सरळ जाता आलं असतं. मी सिंदखेडराजाची वाट धरली. जिजाऊंचा जन्म जिथे झाला तो लखुजीराजे जाधवांचा वाडा वाटेवरच तर होता! "अर्ध्या तासात उरकू," असं मी गाडीत जाहीर केलं. आई बरोबर होती. ती वाड्याच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून आत गेली आणि एका ओट्यावर बसूनच राहिली. तिला उठवायची हिंमत माझ्यात नव्हती. पुढे लखुजीराजांची समाधी. ती एवढी भव्य असेल असं वाटलंच नव्हतं, त्यामुळे तिथेही वेळ गेला. लोणारला पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. महिना एप्रिलचा.

काठावरून पाहिलं की लोणार एका नजरेत मावतं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे विवर उल्का आदळून थेट काळ्या बेसॉल्ट खडकात तयार झालंय. जगात अशी उदाहरणं फारच थोडी. वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास, असं पूर्वी सांगत. 2010 च्या सुमारास आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं, तर आकडा 5 लाख 70 हजारांवर गेला. माझ्या वेळापत्रकात या सगळ्यासाठी दीड तास होता.

काठावरून बघून परत फिरलो असतो तरी निभावलं असतं. पण एवढं आलोय तर पाण्याला हात लावूनच जाऊ, असं माझं म्हणणं. आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथे गोमुखाच्या धारेपाशी बसते." बायको, मी आणि एक पाण्याची बाटली असे खाली निघालो. पायांत सपाता. झाडीतली वाट उतरायला सोपी, मोर ओरडत होते, म्हणून मी खुशीत. पाणी खालीच संपलं. तळ्याच्या काठाला चिखल वाळून त्यावर पांढरट खारी पापडी धरली होती; पाय ठेवला की ती तुटायची आणि खालून काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ वर यायचा. समोर एवढं मोठं तळं, पण घोटभर पिण्याजोगं नाही! पाणी खारं आणि अल्कधर्मी. त्यात तेव्हा मासे नव्हते, सूक्ष्मजीव मात्र सुखाने नांदत होते. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा त्यामागे खाऱ्या पाण्यातले असेच सूक्ष्मजीव असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून कळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जाही मिळाला.

चढताना खरी परीक्षा झाली. त्या खोलगटात वाऱ्याची झुळूक नाही आणि दगड तापलेले. अर्ध्या वाटेवर बायको एका झाडाखाली बसली. "अहो, तुम्ही वर जाऊन पाणी घेऊन या. मी काही आता हलत नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी वर गेलो, बाटल्या घेतल्या, पुन्हा खाली आलो, पुन्हा वर चढलो. आईने तेवढ्या वेळात गोमुखातून पडणाऱ्या त्या गोड्या धारेखाली पाय धुतले होते आणि तिथे आलेल्या बायकांकडून देवीच्या नवरात्रापासून गावच्या शाळेपर्यंत सगळी माहिती काढली होती. लोणार आम्हा तिघांपैकी तिनेच नीट पाहिलं.

दैत्यसूदनाचं देऊळ राहिलंच. छतावर लवणासुराच्या वधाचं शिल्प असलेलं हे चालुक्यांच्या काळातलं देऊळ गावातच आहे, काठापासून फार दूरही नाही. पण ते नीट बघायला निवांतपणा आणि उजेड लागतो. आम्ही तिथून गेलो तेव्हा दोन्ही संपले होते. गाडीत मागे कोणी बोलत नव्हतं.

अजिंठ्याची गोष्ट लहान आणि जास्त लाजिरवाणी. नागपूरचे पाहुणे आले होते. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. मी बरोबर उलटं धरून बसलो आणि सोमवारी सगळ्यांना घेऊन फर्दापूरच्या फाट्यावर हजर झालो. गाड्यांचा तळ रिकामा. स्फटिकाचे दगड विकणारा एक जण सावकाश उठून जवळ आला. "साहेब, आज सोमवार. आज लेणी बघायची नाही, दगड घ्यायचे." पाहुण्यांनी घेतलेही. त्यानेच पलीकडच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटची वाट सांगितली. तिथून वाघूर नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण आणि त्यात ओळीने कोरलेली लेणी एकदम दिसली. 1819 मध्ये मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ती अशीच समोरच्या कड्यावरून दिसली होती, असं सांगतात. मी ही हकिकत पाहुण्यांना फार रंगवून ऐकवली. वार चुकलाय हे त्यांच्या डोक्यातून जावं म्हणून. गेलं नाही. अजूनही फोन आला की पहिला प्रश्न असतो, "आज वार कोणता?"

पुढे पुण्यात बदली झाली आणि निघोजचे रांजणखळगे मनावर घेतले. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात हे खळगे आहेत. रांजणगावचा गणपती वाटेवर, म्हणून आधी तिथे दर्शन. त्या दिवशी संकष्टी आहे हे मला रांगेत उभं राहिल्यावर शेजारच्या आजोबांकडून कळलं. कॅलेंडर घरात स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असतं. मी त्यात फक्त दुधाचे खाडे बघतो. दर्शन करून निघोजला पोहोचलो, तर नदीला भरपूर पाणी. श्रावण होता. गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं, खळगे त्याच्या पोटात. एका गावकऱ्याला विचारलं, "रांजणखळगे कुठे?" त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. "हे काय. उन्हाळ्याच्या तोंडी या."

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, आणि या खेपेला दुसरं काहीही जोडलं नाही. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे खडकाच्या भेगांत अडकतात, भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि हजारो वर्षं खडक कातत राहतात. ऐकून माहीत होतं, पण एका खळग्याच्या काठी उकिडवं बसून आत पाहिलं तेव्हा पटलं. कडा आतून गुळगुळीत, हात फिरवला तर पाट्याच्या दगडासारखी लागते. तळाशी वीतभर हिरवट पाणी आणि त्यात चार-पाच गोल गोटे. खडक कोरणारी हत्यारं तिथेच पडलेली. ज्या पाण्याने ऑगस्टमध्ये मला परत पाठवलं होतं, त्याचं ते पावसाळी काम चालू होतं आणि मी त्याच्यावर चिडलो होतो!

एवढं होऊनही कासच्या फुलांच्या पठारावर जाताना मी सुधारलो होतो असं म्हणता येणार नाही. सप्टेंबरातला रविवार, आगाऊ नोंदणी नाही. साताऱ्याहून वर चढणाऱ्या गाड्यांची रांग पाहूनच मेहुणा म्हणाला, "दाजी, बुकिंग केलंय ना?" पठारावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, नोंदणीवाल्यांना आधी सोडतात, हे मला वर गेल्यावर कळलं. बऱ्याच वेळाने आत गेलो तर मी लगेच घड्याळ बघायला लागलो, कारण पुढे ठोसेघरचा धबधबा करायचा होता. कासची फुलं मोटारीच्या उंचीवरून नुसता रंग दिसतात. सीतेची आसवं, गेंद, दवाच्या थेंबासारखे चिकट थेंब मिरवत किडे धरणारी ड्रॉसेरा, ही सगळी बोटाच्या पेराएवढी. ती बघायला खाली बसावं लागतं. बायको बसली होती. मी तिला उठवलं.

ठोसेघर साताऱ्याच्या जवळ आणि कासही साताऱ्याच्या जवळ, म्हणून दोन्ही एकमेकांजवळ, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात आम्हाला साताऱ्यात उतरून, सज्जनगडाच्या बाजूने दुसरा घाट चढावा लागला. पोहोचलो तेव्हा दरीत धुकं भरलेलं. धबधब्याचा आवाज अंगावर येत होता, पाणी एक थेंबही दिसत नव्हतं. आम्ही कठड्याला टेकून कणसं खाल्ली आणि निघालो.

ठोसेघर बघायचं राहिलंय, असं माझं आणि बायकोचं मत. मेहुण्याला ते मान्य नाही. त्याच्याकडे फोटो आहे. त्यात सगळं पांढरं आहे आणि एका कोपऱ्यात मी, हातात कणीस घेऊन, दरीकडे बोट दाखवतोय.